एका चिंचोक्याचा फरक

शांतवन मिस्त्री गेल्याची बातमी आली तेव्हा मी कचेरीत शाळांच्या हजेरीच्या तक्त्याची बेरीज करत होतो. तिसरा रकाना संपत आला होता आणि हातचे चार होते. मिस्त्रींचे जावई दारात येऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मामा गेले. पहाटं, झोपेतच. चार वाजता माती हाय." एवढं सांगून ते पुढच्या घरी सांगायला निघून गेले. मी पुन्हा लेखणी उचलली, तर हातचे किती होते ते आठवेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. ती बेरीज त्या दिवशी तशीच राहिली... याला आता पाच आठवडे झाले. मातीच्या वेळी त्यांच्याबद्दल पुष्कळ जण बोलले. त्यांनी केलेली शाळेची बाकं, दवाखान्याची दारं, प्रार्थनामंदिरातलं व्यासपीठ या सगळ्यांचा उल्लेख झाला आणि तो योग्यच होता. पण मिस्त्रींना अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचा नाद होता, आणि त्या नादापायी त्यांनी एक विजय मिळवला, हे कुणी बोललं नाही. तो विजय मी जवळून पाहिला आहे. त्यात हरलेला माणूस मीच असल्यामुळे तो सांगण्याचं काम माझ्याकडे येतं.

१९४० सालच्या डिसेंबरात धाकट्या मुलीसाठी पाळणा सांगायला मी भिंगारहून सायकलने नगरात, मिशनच्या शाळेच्या सुतारखात्यात गेलो होतो. आत भुश्शाचा आणि सरसाचा वास होता. जमिनीवर दाराएवढी सागाची फळी आडवी पडली होती आणि तिच्यावर चिंचोकेच चिंचोके मांडले होते. मला वाटलं मुलांचा खेळ असेल, म्हणून मी ओलांडून पुढे जाऊ लागलो. तोच रंध्यावर वाकलेला एक किडकिडीत माणूस ओरडला, "पाय जपून, साहेब! टेक्सासावर पडंल!" मी पाय तसाच वर धरून उभा राहिलो. हेच शांतवन मिस्त्री. मग त्यांनी मला हाताला धरून फळीच्या कडेला आणलं आणि सगळं समजावून सांगितलं. पाळण्याचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही, त्यासाठी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

ती फळी म्हणजे अमेरिकेचा नकाशा होता. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक अमेरिकन मिसबाई होत्या, मूळच्या आयोवा नावाच्या राज्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांनी मिस्त्रींकडून अठ्ठेचाळीस राज्यांचे अठ्ठेचाळीस लाकडी तुकडे करून घेतले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की १९३६ च्या निवडणुकीत अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यं अध्यक्षांच्या बाजूने गेली, आणि वरच्या कोपऱ्यातली मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोनच उलटी गेली. ही गोष्ट मिस्त्रींच्या मनात जी रुतली ती कायमचीच. सेहेचाळीस भावांचं एक मत असताना हे दोघं असे का? तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत कोणतं राज्य कुठे गेलं हे ते नकाशावर मांडू लागले. पहिल्यांदा त्यांनी प्रत्येक तुकड्याची एक बाजू गेरूने आणि दुसरी निळीने रंगवली. पक्ष बदलला की तुकडा उलटायचा, असा बेत होता. सगळं रंगवून झाल्यावर पहिला तुकडा उलटला आणि तो बसेचना. उलटलेला तुकडा आरशातल्यासारखा होतो, हे तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. ही फजिती ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

मग त्यांनी चिंचोके घेतले. मुली खेळतात तसे फोडलेले, एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने पांढरे. अमेरिकेत प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे ठरावीक मतं असतात, आणि राज्यात जो जिंकतो तो त्या राज्याची सगळी मतं घेतो. देशभराची अशी मतं तेव्हा पाचशे एकतीस होती. म्हणून मिस्त्रींनी पाचशे एकतीस फोडी मोजून घेतल्या. अध्यक्षांच्या पक्षाचं राज्य असेल तर काळी बाजू वर, विरुद्ध पक्षाचं असेल तर पांढरी. न्यूयॉर्कसारख्या राज्याची मतं तुकड्यावर मावत नसत, म्हणून समुद्राच्या जागेत त्यांनी लाकडाच्या वाट्या कोरून बसवल्या. मी तिथेच मोजायला लागलो. काळे चारशे एकोणपन्नास, पांढरे ब्याऐंशी. वर्तमानपत्रातल्या आकड्याशी बरोबर जुळलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी कारकून हाय का? मग बसा की." त्या दिवसापासून मी त्यांचा तपासनीस झालो आणि ते मला भाऊसाहेब म्हणू लागले.

एक गोष्ट इथे लिहून टाकतो, कारण ती लपवली तर हा लेख खरा राहणार नाही. पहिली चार वर्षं मिस्त्रींच्या पत्नी राहेलबाईंनी पुढे केलेला चहा मी काही ना काही निमित्त सांगून टाळत असे. त्यांना आणि मिस्त्रींना त्याचं कारण ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. १९४४ च्या निवडणुकीचे चिंचोके मांडताना बोलण्याच्या भरात कप हातात घेतला आणि पिऊन टाकला. राहेलबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, एक राज्य फिरलं." मी खजील झालो, पण त्यानंतर चहा कधी चुकवला नाही.

त्या १९४४ च्या मांडणीत मौज होती. मधल्या काळात तिकडे जनगणना झाल्यामुळे राज्यांची मतं बदलली होती. आयोवाच्या अकरांतला एक काढून दहा करावे लागले तेव्हा मिस्त्रींना फार वाईट वाटलं. काळे चारशे बत्तीस आणि पांढरे नव्व्याण्णव आले. मेन आणि व्हर्मॉन्ट पुन्हा पांढरेच. ओहायो मागच्या खेपेला काळं होतं ते पांढरं झालं, आणि शेजारचं मिशिगन पांढरं होतं ते काळं झालं. मी हे वहीत टिपून घेत होतो. मिस्त्री म्हणाले, "ह्या दोघी जावा दिसत्यात, भाऊसाहेब. एक माहेराहून आली की दुसरी निघाली." चार वर्षांनी या जावांनी पुन्हा जागा बदलल्या, तेव्हा मला ते बोलणं आठवलं.

मिस्त्रींची इच्छा एकच होती. हा नकाशा शाळेच्या मोठ्या वर्गात भिंतीवर लागावा आणि त्यावरून मुलांना गणित शिकवावं. शेकडेवारी म्हटली की पळणारी सुतारखात्यातली मुलं या फळीभोवती बसली की न सांगता शेकडेवारी काढत, हे मीही पाहिलं होतं. पण हेडमास्तरांना ते पटत नव्हतं. ते विद्वान आणि सज्जन गृहस्थ होते, फक्त सुताराने वर्गात काही टांगावं हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. "मिस्त्री, गणित पुस्तकातून येतं. चिंचोक्यांवर पोरी खेळतात," असं ते म्हणत. मिस्त्री दरवर्षी विचारत आणि दरवर्षी हेच उत्तर घेऊन परत येत. तोवर त्यांना दम लागू लागला होता. लाकडाचा भुस्सा छातीत बसला होता. रंधा चार वेळा ओढला की ते बाकाला टेकून उभे राहत.

१९४८ साली मात्र रंग बदलला. चारदा निवडून आलेले अध्यक्ष वारले होते आणि त्यांच्या जागी बसलेले गृहस्थ आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर उभे होते. इकडची तिकडची सगळी वर्तमानपत्रं छातीठोकपणे सांगत होती की ते पडणार. हेडमास्तरांचंही तेच मत होतं आणि आकडे पाहून माझंही तेच झालं होतं. मिसबाई निवृत्त होऊन आयोवात परत गेल्या होत्या. सप्टेंबरात त्यांचं पत्र आलं. त्यात निवडणुकीबद्दल एक अक्षर नव्हतं. यंदा मका अमाप आला आहे, भाव पडले आहेत, आणि धान्य भरायला कणग्या मिळत नाहीत, सरकारी कोठारं वाढवायला विरोधकांचं बहुमत असलेल्या कायदेसभेने पैसा दिला नाही, म्हणून भावाच्या खळ्यात मक्याचा ढीग उघड्यावर पडला आहे, असं त्यांनी सहज लिहिलं होतं. मिस्त्रींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठले आणि आयोवाचे दहा चिंचोके एकेक करून काळे केले. पाठोपाठ ओहायोचे पंचवीस आणि विस्कॉन्सिनचे बारा.

"अहो, आयोवा लागोपाठ दोनदा उलटं गेलंय," मी वही पुढे धरली. "लोकप्रिय अध्यक्षाला ज्यांनी मत दिलं नाही ते याला देतील?"

"तुमचा जलम कचेरीत गेला, भाऊसाहेब. माझा बाप बेलापूरकडं दुसऱ्याच्या रानात राबला. ज्येचं दानं उघड्यावर पडल्यात, त्यो मानूस मागचं काय आठवत न्हाई."

त्या वर्षी दिवाळी आणि निवडणूक जवळजवळ एकत्र आली. फराळाचे डबे अजून भरलेले होते. भिंगारच्या बाजारातल्या हॉटेलात संध्याकाळच्या रेडिओवर मी ऐकलं की अध्यक्षच पुन्हा निवडून आले. हातातली शेव तशीच टाकून मी सायकल काढली. मिस्त्री घरासमोर खाटेवर बसले होते. मी धापा टाकत बातमी सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आयोवा?" रेडिओने राज्यं सांगितली नव्हती. "मग आजून काय कळलं न्हाई," असं ते म्हणाले. चार दिवसांनी सविस्तर आकडे हाती आले. आयोवा, ओहायो, विस्कॉन्सिन, तिन्ही काळी! न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया मात्र मिस्त्रींनी काळी धरली होती ती पांढरी निघाली, हेही सांगितलं पाहिजे. दक्षिणेतली चार राज्यं तर दोघांनाही सोडून तिसऱ्याच उमेदवाराकडे गेली. चिंचोक्याला तिसरी बाजू नसते. राहेलबाईंनी कुंपणावरच्या वेलीच्या गुंजा आणून दिल्या आणि त्या चार राज्यांवर लाल गुंजा बसल्या. मी मोजलं. काळे तीनशे चार, पांढरे एकशे एकोणनव्वद, लाल अडतीस. एकूण पाचशे एकतीस.

हेडमास्तर स्वतः सुतारखात्यात आले. फळीवरचं आयोवा पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हरलो. तुमचे चिंचोके खरे ठरले. स्नेहसंमेलनाला हा नकाशा मोठ्या वर्गात लावू. फक्त भाऊसाहेबांनी सगळे आकडे तपासून खाली सही करावी. शाळेच्या भिंतीवर चुकीचा आकडा नको." मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सही म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

संमेलनाच्या दहा दिवस आधी हेडमास्तरांकडे बोटीच्या टपालाने एक अमेरिकन साप्ताहिक आलं. त्यात अधिकृत मोजणीचे एकूण आकडे छापले होते. तीनशे तीन, एकशे एकोणनव्वद, एकोणचाळीस. मी तीन वेळा वाचलं. मग फळीवरचे चिंचोके तीन वेळा मोजले. आमचे काळे तीनशे चारच येत होते आणि लाल अडतीसच. प्रत्येक राज्याच्या मतांचा तक्ता माझ्या वहीत होता, तोही एकेक राज्य घेऊन ताडून पाहिला. कुठेच चूक सापडेना. मी म्हणालो, "मिस्त्री, आपलं एकाने चुकतंय."

"एकानं कसं चुकंल?" ते शांतपणे म्हणाले. "चिंचोका हरवला आसता तर पाचशे तीस झालं आसतं. राज्य चुकीचं मांडलं आसतं तर समदं राज्य चुकलं आसतं. सगळ्यात ल्हान राज्य तीन चिंचोक्यांचं. मग चूक तिनाची तरी हुईल. एकाची कुठनं आली?"

हा मुद्दा बिनतोड होता. आज तो मला सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट दिसतो. पण त्या दिवशी माझ्यासमोर छापील आकडा होता, आणि आयुष्यभर मी छापील आकड्याला प्रमाण मानत आलो होतो. हेडमास्तरांनी सोपा मार्ग काढला. "एक चिंचोका उचला, तिथे एक गुंज ठेवा. झालं! कोण मोजायला येतंय?"

"कुठल्या राज्यातला उचलू, सर?"

"कुठलाही."

"कुठलाही म्हंजी? तितल्या मानसांनी मत दिलंय. त्येंना न इचारता मी कुनाचं उचलू?" मिस्त्रींना दम लागला, ते बाकाला टेकले. थोडं थांबून म्हणाले, "सर, माप घ्यायचं आसतं. जुळवायचं नसतं."

आता माझी पाळी होती. आमची मांडणी बरोबर आहे, फरकाचं कारण शोधत आहोत, एवढी ओळ लिहून मी सही करू शकलो असतो. मी केली नाही. आकडा जमत नाही तोवर सही देता येणार नाही, असं म्हणालो. हेडमास्तरांनी नकाशा लावणं रद्द केलं. संमेलन आलं आणि गेलं. नकाशा लाकडाच्या कोठीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्री मला रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "तुमचं बरूबर हाय. पटत न्हाई तवर सही नगा करू. पर मिसबाईला पत्र ल्ह्या. त्ये एक मत कुठल्या राज्यातलं, एवढंच इचारा." मी त्याच दिवशी विमानाच्या टपालाने पत्र टाकलं.

उत्तर यायला दोन महिने लागले, कारण मिसबाईंनी चौकशी करून मगच लिहिलं होतं. तोवर मिस्त्री कामावर येणं सोडून घरीच असत. मी पाकीट न फोडता त्यांच्याकडे नेलं. राहेलबाई चुलीपुढून उठून आल्या. मी पत्र वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. तिकडची मतं राज्याने निवडून पाठवलेली माणसं प्रत्यक्ष देतात. टेनेसी राज्यात अध्यक्षच जिंकले होते आणि त्यांचीच बारा माणसं निवडून गेली होती. पण त्यातल्या एकाने ऐन वेळी आपलं मत तिसऱ्या उमेदवाराला दिलं. बाराही काळे असायला हवे होते, त्यातला एक आपण होऊन लाल झाला. लोकांनी दिलेल्या कौलाप्रमाणे तीनशे चारच बरोबर, असं मिसबाईंनी खाली रेघ ओढून लिहिलं होतं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हंजी आमी न्हाई चुकलो. त्यो चुकला." आणि मग जे हसू लागले ते खोकला आला तरी थांबेनात. राहेलबाई पाठ चोळत म्हणाल्या, "आवो, पुरं! अमेरिका पडंल खाली!"

मी त्यांची माफी मागितली. छापील आकड्यावर विश्वास ठेवला आणि समोर मोजलेल्यावर ठेवला नाही, ही माझी चूक होती. ते म्हणाले, "मग आता तुमीच बदला. तुमच्या हातानं." आम्ही टांग्याने शाळेत गेलो. हेडमास्तरांना पत्र दाखवून कोठीतून नकाशा काढला, चिंचोके पुन्हा मांडले, आणि मी टेनेसीतली एक काळी फोड उचलून तिथे गुंज ठेवली. मग मिस्त्रींनी एकेक दाणा सरसाने चिकटवून घेतला. दुसऱ्या दिवशी सुतारखात्यातले सगळे जण तो नकाशा मैदानातून मोठ्या वर्गाकडे घेऊन निघाले, पुढे ओळंबा हातात घेऊन मिस्त्री! दर दहा पावलांवर थांबायचे, श्वास घ्यायचे, मागे वळून "सांभाळून, टेक्सास धरा" म्हणायचे आणि पुन्हा चालायचे. वर्गात हेडमास्तरांनी स्वतः शिडी धरली. ओळंबा लावून पाहिल्यावर मिस्त्री म्हणाले, "डावीकडं सुताभर वर." हेडमास्तरांनी एका हाताने खालची कड सूतभर वर उचलली. राहेलबाईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. कोपऱ्यात तापल्या सळईने "शांतवन सुतार" असं डागलेलं होतं, त्याच्याखाली मी शाईने लिहिलं: "पाचशे एकतीस मते मोजली. बरोबर आहेत." आणि सही केली.

त्यानंतर मिस्त्री चार महिने जगले. त्याच काळात आपल्याकडे मतदारांच्या याद्या तयार होत होत्या आणि त्यांच्या आळीचं काम माझ्याकडे आलं होतं. इतरांची मतं मोजण्यात ज्याची उमर गेली त्या माणसाने स्वतः कधी मत दिलं नव्हतं. पूर्वी तो हक्क घरदार, सारा, शिक्षण पाहून मिळत असे, आता तो प्रत्येक सज्ञान माणसाला मिळणार होता. मी त्यांचं नाव लिहीत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "मला किती चिंचोके?"

"एक."

"फोडल्याला का अख्खा?"

"अख्खा," मी म्हणालो. "दोन्ही बाजू तुमच्या."

आळीतल्या कित्येक बाया स्वतःचं नाव सांगत नव्हत्या, अमक्याची बायको असं लिहा म्हणत. राहेलबाईंनी मात्र आतून मोठ्याने सांगितलं, "राहेल शांतवन! वेगळं ल्ह्या, त्येंच्यात धरू नगा."

मागच्या आठवड्यात यादी दुरुस्त करण्यासाठी मी पुन्हा त्या आळीत गेलो. मिस्त्रींची खाट उभी करून ठेवली होती. राहेलबाईंनी त्यांच्या कामाच्या सदऱ्याच्या खिशातून एक अख्खा चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला. घासून घासून तो आरशासारखा झाला होता. "मताच्या दिसापातूर खिशात ठिवनार हुते," त्या म्हणाल्या. "आता तुमी ठिवा. माझा माझ्यापाशी हाय. माझं नाव हाय ना यादीत?"

"आहे."

"मग मी जानार. मोजून घ्या."

कचेरीत येऊन मी लाल शाईने मिस्त्रींचं नाव कमी केलं. राहेलबाईंचं नाव त्याच्याच खाली आहे, ते तसंच राहिलं. पानाची बेरीज नव्याने केली. ती एकाने कमी आली. तीन वेळा मोजली, या खेपेला हातचा विसरलो नाही. बरोबर आहे. टेनेसीतून उचललेली काळी फोड माझ्या दौतीशेजारी असते, आणि पंख्याने पानं उडू नयेत म्हणून त्या यादीवर मिस्त्रींचा अख्खा चिंचोका ठेवला आहे.